अंगुस्तान वाजलं

कॉलेजच्या ग्रंथालयामागे एक लांबट खोली होती. खुर्च्या चार, कपाट एक, पंखा लहरी. त्या खोलीतून तीस वर्षं एक त्रैमासिक निघत होतं, बायकांनी बायकांच्या जगण्याचा अभ्यास करून काढलेलं. दूरदूरच्या विद्यापीठांत त्यातले लेख शिकवले जात.

तिथली सगळ्यांत लहान संपादक, जिला सगळ्या धाकटीच म्हणत, आज सकाळपासून नुसती पाणी पीत होती. तिचा पहिला मोठा लेख या अंकात यायचा होता. महिन्याभराने मुलाखत होती. छापील लेख हातात असला तर कायमची नोकरी, नाही तर पुन्हा तासिकांसाठी दारोदार. दोन जाणकारांनी लेख पास केला होता. राहिली होती मावशी.

मावशी पहिल्या अंकापासून अंक शिवायची. आणि तिथली रीत अशी, की छापण्याआधी प्रत्येक लेख तिला वाचून दाखवायचा. सुई टोचू नये म्हणून तिच्या बोटात असलेलं पितळी अंगुस्तान टेबलावर वाजलं, की लेख थांबायचा.

लेख होता घरी बसून पुस्तकांच्या छापील कागदांना घड्या घालणाऱ्या बायकांवर. धाकटी वाचत गेली, मावशीची सुई खाली गेली, वर आली, दोरा तिच्या मागोमाग.

"या स्त्रियांना आपल्या श्रमाची जाणीव नसते..."

टक.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"अभ्यासकांचं मत आहे, मावशी. तिघींनी लिहिलंय."

"तिघींपैकी घड्या कुणी घातल्यात?" मावशीने दोरा दातांनी तोडला. "मला जाणीव आहे गं. अंगठ्याला तर रोज सकाळी असते."

मग तिने सहज सांगितलं. पूर्वी कागदांचे गठ्ठे डोक्यावरून घरी आणावे लागत. एकदा वीस घरांतल्या बायकांनी ठरवून एकाच दिवशी सगळ्या घड्या वाकड्या घातल्या. काम वाटणारा मुकादम धावत आला. त्यानंतर गठ्ठे दारात यायला लागले.

धाकटीने पेन उचललं. "मी ते वाक्य बदलते."

"बदल की. पण पुढची चार पानं त्याच वाक्यावर उभी आहेत ना?"

धाकटीने पलीकडच्या खुर्चीतल्या मुख्य संपादक बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या, कपाटातून पिवळा पडलेला पहिला अंक काढून तिच्यापुढे ठेवला. "यात माझा लेख शोध."

तिने दोनदा चाळला. नव्हता.

"नाहीच आहे. शिवता शिवता हिने विचारलं, बाई, यात काय लिहिलंय? वाचून दाखवला. सातव्या पानावर टक. त्रैमासिक मी काढलं, आणि त्यात मीच नाही." बाई हसल्या. "एक वर्ष लागलं पुन्हा लिहायला. आजही शिकवतात तो."

धाकटीने आपली पानं उचलली, छपाईच्या गठ्ठ्यातून वेगळी काढली आणि पिशवीत घातली. मुलाखतीला आता रिकाम्या हातांनीच जायचं होतं. तिने कोरी वही उघडली आणि मावशीसमोर बसली.

"त्या वीस घरांतल्या आता किती जणी आहेत?"

"आहेत अकरा. नेईन तुला." मावशीने कागदांची थप्पी तिच्याकडे सरकवली. "पण वही ठेव बाजूला. आधी घड्या घाल. हात चालले, की आमची तोंडं चालतात."

धाकटीने पहिली घडी घातली. मावशीने ती उजेडात धरून पाहिली.

"ही वाकडी ठरवून घातलीस," तिने विचारलं, "का अशीच?"