लोहाराची लेक

सुगी तोंडावर आली होती आणि लोहाराच्या दारात बोथट विळ्यांचा ढीग पडला होता. भात्यावर त्याची पंधरा-सोळा वर्षांची लेक. आई आजारानं गेली तशी तिची शाळा सुटली आणि भाताही तिच्याच हाती आला. बापलेकीचं दिवसभराचं बोलणं काय, तर "हाण", "पुरे", "जेवून घ्या." लोहाराला आताशा भूक लागत नव्हती, झोप येत नव्हती, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. पोर रडत नाही म्हणजे सावरली, असं तो धरून चालला होता.

त्या दुपारी तो पाणी प्यायला वळला. परत बघतो तर पोरीनं भट्टीतून काढलेला विळा उघड्या हातानं उचललेला. कातडं करपल्याचा वास सुटला, अन् ती आपली बाजारात वांगं पारखावं तशी विळ्याकडं बघत उभी.

"टाक तो," लोहार म्हणाला. तिनं टाकला.

माठातलं पाणी तो तिच्या हातावर ओतत राहिला. तिच्या तोंडाला गोडसर वास येत होता. भात्यामागं बघितलं, तर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. घरात खोकला तर कुणालाच नव्हता.

तेवढ्यात एक शेतकरी दारात आला. "माझे विळे झाले का?"

"आज नाही."

"अरे, पीक उभं आहे माझं."

"माझंही आहे," लोहार म्हणाला, आणि त्यानं भट्टी विझवली.

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. हा पडला लोहार, जन्मभर घणानंच बोललेला.

"कधीपासून पितेस?"

"आईची बाटली उरली होती, तेव्हापासून. आता दुकानातून आणते. मागितली की देतो दुकानदार."

"पण कशाला गं?"

"मग काही वाटत नाही."

"मला तर न पिताच काही वाटत नाही."

तिनं मान वर केली. "मला वाटलं, तुम्ही विसरलात आईला."

"नाव काढलं तर तू कोसळशील म्हणून गप्प राहिलो."

"मीपण म्हणूनच."

लोहार विझल्या भट्टीपुढं तिच्याजवळ बसला.

"आज हात भाजला ते कळलं नाही," तो हळू म्हणाला. "उद्या श्वास थांबेल, तोही कळायचा नाही. दवाखान्यात जाऊ. हाताचं सांगू, बाटलीचंही सांगू. मी असेन शेजारी."

 ती उठली.

पट्टी बांधून परतताना, बांधावरच ती थांबली.

"बाबा, दुखतंय. थोडं बाटलीतलं औषध घेऊ द्या ना. आजच्यापुरतं."

"डॉक्टरीणबाईंनी दिलंय तेवढंच."

"उद्याही मागेन मी."

"माग. मी उद्याही नाहीच म्हणेन."

ती तिथंच बसली आणि रडायला लागली. लोहार शेजारी टेकला. तिचा पट्टी बांधलेला हात त्यानं आपल्या मांडीवर घेतला, आणि कितीतरी दिवसांनी बायकोचं नाव घेऊन तो तिच्याविषयी बोलायला लागला.