स्थळासाठी पाठवलेला फोटो

स्थळासाठी मुलीचा फोटो कसा असावा, याचं शास्त्र शरफुन्निसाआपांना तोंडपाठ होतं. ओढणी डोक्यावर, नजर खाली, हसू असून नसल्यासारखं. मंडणगडहून त्यांनी रियाधला धाकट्या भावाला, शौकतला, तसा हुकूमच सोडला, "इफराचा चांगला फोटो उद्या पाठव. मुलगा बहारीनला आहे, घर खानदानी आहे. बारावीच्या पुढे शिकलेली त्यांना नको."

शौकत रियाधच्या अल सुलै भागातल्या एका गोदामात स्टोअरकीपर. माणूस वाईट नव्हता, पण आपांचा फोन आला की त्याच्या पाठीचा कणा सुट्टीवर जायचा. त्याच्या लेकीला, इफराला, पुण्यात वकिलीला प्रवेश मिळाला होता आणि आठवडाभरात जाऊन तो पक्का केला नाही, तर जागा हातची जाणार होती. शौकत बायकोला म्हणाला, "आपा बोलतात तर पाठवून बघू. लग्न काय लगेच होतंय?" आमिनाला मात्र ठाऊक होतं, बघू बघू म्हणता म्हणता दारात मांडव पडतो.

गंमत अशी, की इफराचा फोटो त्याच आठवड्यात काढून झाला होता, आणि तोही शौकतच्याच कृपेने. त्याच्या कफीलने, म्हणजे अरबी मालकाने, एक रिकामं गोदाम नबीला नावाच्या सुदानी बाईला वापरायला दिलं होतं. नबीला खार्टूमची फोटोग्राफर. तिचे फोटो भिंतीएवढे मोठे असत आणि प्रदर्शनात लागत. लढाईत तिकडच्या शाळा बंद पडल्या, पोरी घरी बसल्या, मग आईबापांनी काहींची लग्नं उरकून टाकली. अशा पोरींचे जुने युनिफॉर्म तिने रियाधमधल्या सुदानी घरांतून गोळा केले होते. त्या सगळ्यांचा मिळून तिला एकच झगा शिवून हवा होता. "माझी बायको शिवते," हे तिला शौकतनेच सांगितलं.

आमिनाने शिवला. आकाशी, खाकी, चौकड्यांचा; इथे कुणाची कॉलर, तिथे कुणाचा खिसा, त्यावर अजून शाईचा डाग. घेर इतका मोठा की निम्मं गोदाम त्याखाली गेलं. शिवताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप. पोरी कुठल्या कुठल्या, पण त्यांना उठवून घरी बसवणारे सगळीकडे सारखेच.

झगा घालणाऱ्या सुदानी मुलीला ऐनवेळी ताप भरला. नबीलाने आईच्या मदतीला आलेल्या इफराकडे बोट केलं, "यल्ला, चल, तू बस." इफरा लाकडी खोक्यांच्या ढिगावर चढून बसली, मांडीवर उघडं पुस्तक. सवयीने तिने मान खाली घातली. नबीला म्हणाली, "वर बघ. हे पुस्तक कुणी ओढून घ्यायला आलंय, त्याच्याकडे बघ." इफराने असं काही बघितलं, की आमिनाच दोन पावलं मागे सरली.

आपांना आमिनाने तोच फोटो पाठवला. आपांनी चष्मा न लावताच तो मुलाकडच्यांना पुढे पाठवला, आणि मग चष्मा लावला.

जुम्याची सुट्टी, शौकत घरीच होता. फोनवर आपांच्या शिव्या ऐकून तो लाल झाला आणि आमिनावर घसरला. "हे काय पाठवलंस गो? आणि पोरगी बघते कशी, खाऊ की गिळू! दुसरा पाठव."

"दुसरा नाही. आपली पोरगी अशीच आहे."

"अम्मी, प्लीज, छोड़ दो ना," इफरा कुजबुजली.

"तू बॅग भर."

तेवढ्यात मुलाच्या आईचाच फोन आला. शौकतने तापल्या तव्यासारखा तो आमिनाच्या हातात दिला. बाईंचा आवाज गोड होता, म्हणूनच आमिना सावध झाली.

"फोटोचं सोडा. मुलगी आम्हाला पसंत आहे. शिकायचं असेल तर निकाहनंतर शिकू दे की, आम्ही कुठे नको म्हणतो?"

"भाभी, मला आठवीतून उठवलं तेव्हा माझ्या सासरचेही हेच बोलले होते. इफराच्या भावालाही मिसरूड फुटलं, माझं ते 'नंतर' अजून आलेलं नाही. इफरा आधी शिकेल. मग तिलाच विचारा."

"एवढी वर्षं कोण थांबतं?"

"मी थांबले," आमिना म्हणाली आणि चालू फोन नवऱ्यापुढे धरला.

पलीकडे आता गोडवा संपला होता. "शौकतभाई, तुमच्या घरात शब्द चालतो तरी कुणाचा?"

शौकतने घसा खाकरला. आमिनाकडे पाहिलं, बॅगेपाशी उभ्या लेकीकडे पाहिलं.

"आजवर आपांचा चालला," तो म्हणाला. "आता खलास. पोरगी पुण्याला जाते."