पाठमोरी आई

मित्रांनो, मी चित्रकलेचा एक जुना, जाड कागद आहे. माझ्या अंगावर रंग आहेत आणि दोराही आहे. कोणी मला चित्र म्हणतात, कोणी भरतकाम. मी नक्की कोण, हे मलाही अजून उमगलेले नाही.

१९६८ साली मी नेरळच्या एका शाळेत आलो. चित्रकलेच्या सुचेताबाईंनी विषय दिला होता, 'माझी आई'. मी कळंबहून येणाऱ्या जयाच्या वाट्याला आलो. तास संपला. इतर कागदांवर आया उमटल्या, मी मात्र कोराच. माझे काय चुकले, मला कळेना.

"अगं, काहीच का नाही काढलंस?" बाईंनी विचारले.

"मी आयेला बघितलीच नाय, बाई. मी रांगत होते तवा ती गेली. फोटू बी नाय तिचा."

बाईंनी मला आपल्याकडे ठेवून घेतले. रविवारी मला आणि रंगांची पेटी घेऊन त्या एस.टी.ने कळंबला गेल्या. जयाचे वडील नामा आणि आत्या धोंडूबाई ओट्यावर येऊन बसले.

"जयाची आई, अंबूबाई, कशी दिसायची तेवढं सांगा. मी काढते," बाई म्हणाल्या.

तिथून माझा खरा गोंधळ सुरू झाला. नामा म्हणाला, नाक सरळ होते. धोंडूबाई म्हणाली, "नाय रं, बसकं होतं." नामा म्हणाला, कपाळ मोठे. ती म्हणाली, लहान. बाई काढत होत्या, पुसत होत्या, पुन्हा रंग लावत होत्या. घटकेत मी एक बाई होई, घटकेत दुसरीच. जया दर वेळी विचारी, "हीच का?" दोघेही मानेने नाही म्हणत.

शेवटी नामाने डोके धरले. "मला आठवतच नाय, बाई. एवढी वरसं वाटायचं, ती डोळ्यांसमोर हाय."

पुसून पुसून मी झिजलो आणि चेहऱ्याच्या जागी फाटलो.

"आये फाटली!" जया रडू लागली.

धोंडूबाईने गोधडीची सुई आणली, काळा दोरा ओवला. पहिल्याच टाक्याला मी आणखी चिरलो. तेव्हा बाईंनी मागून मलमलीचा तुकडा खळीने चिकटवला. "आधी टाचणीनं भोकं पाडू. मग सुई घाला, पण दोरा ओढू नका." एकीने भोके पाडली, दुसरीने टाके घातले. काळे टाके दाटत गेले, गोल झाले. मला वाटले, हा काही चेहरा नव्हे. मग हे काय होतेय माझे?

नामा वाकून बघत होता. एकदम म्हणाला, "बाय, हा तिचा अंबाडा! बांधावरनं ती पुढं चालायची, मी मागनं. हा मला चांगला याद हाय."

"व्हय रं. आन् त्यात अबोली असायची," धोंडूबाई म्हणाली.

आता वाद उरला नाही. बाईंनी बांध रंगवला, दोन्ही बाजूंना भात रंगवले. धोंडूबाईने अबोली भरली, लुगड्याचे हिरवे काठ भरले. पाठमोरी अंबूबाई चालू लागली.

जयाने मला हातात घेतले, खूप वेळ पाहिले, आणि आईचे तोंड बघायला मला उलटे केले.

मागे मलमल होती, गाठी होत्या, दोऱ्यांची टोके होती. मला फार ओशाळल्यासारखे झाले. जयाने त्या गाठींवरून हळूच बोट फिरवले.

"आत्ये, ही तोंडाची बाजू ना?"

कोणी हो म्हणाले नाही. कोणी नाही म्हणाले नाही.

आज, अठरा वर्षांनी, मी लोधिवलीला जयाच्या सासरी आहे. रंग उडाले आहेत, कडा कसरीने खाल्ल्या आहेत. चौकटवाला मला पुठ्ठ्यावर चिकटवणार होता. जयाने चिकटवू दिले नाही. मला उलटे करून तिने पुन्हा त्या गाठींवरून बोट फिरवले.

आता तिला मुलगी आहे. कधी कधी जया तिला समोर बसवते आणि म्हणते, "बघ गं माझ्याकडं. नीट बघ." मुलीला काही कळत नाही. ती हसते आणि खेळायला पळते.

मित्रांनो, मला दमटपणापासून, कसरीपासून जपा, एवढे तर मी मागणारच. पण तुमच्या आईने असे कधी समोर बसवले, तर पळू नका. थोडा वेळ बसा आणि बघून घ्या.