ठासलेली बाटली

उत्तनच्या मॅबेलचा, वर्षभरासाठी बाटल्यांत ठासून ठेवलेला बाटलीमसाला दरवर्षी नाताळाआधीच संपायचा, आणि दरवर्षी ती त्याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायची. एकदा मिरचीवाला, एकदा दमट हवा. यंदा मे महिन्यात मसाला भरायला बसली तेव्हा पाळी सुनेची होती.

"ती जेसल पार्कची गिऱ्हाइकं तूच आणलीस, मिशेल. घरच्यांना पुरत न्हाय नि गावजेवण घालायचं. यंदापासून ती बंद."

"मम्मी, आधी मसाला जातो कुठं ते तरी बघूया," म्हणत मिशेलनं वजनकाटा ओट्यावर ठेवला.

काटा भंगारवाल्याला शोभतो, मसाला हातानं नि डोळ्यानं कळतो, हे मॅबेलचं मत अख्ख्या गल्लीला पाठ होतं. पण सुनेचं तोंड बंद व्हायला हवं होतं. "कर तुझं समाधान," ती म्हणाली.

मिशेलनं बिअरच्या दोन सारख्या बाटल्या उचलल्या, एक मॅबेलनं भरलेली, दुसरी मदतीला येणाऱ्या रुक्मिणीनं. पुन्हा दुसरी जोडी, मग तिसरी. दर खेपेला मॅबेलचीच जड. मॅबेलच्या चार बाटल्यांत जेवढा मसाला बसत होता तेवढ्यात रुक्मिणीच्या पाच भरत होत्या.

"तू ठासत न्हायस काय गो?" मॅबेल खेकसली.

"ठासते की बाय. पण तुमच्यासारखी बाटलीशी भांडत न्हाय."

मिशेल हसली आणि लगेच खोकली.

लग्नानंतर सासूनं मॅबेलच्या हातात लाकडी दांडा देऊन सांगितलं होतं, उपड्या बाटलीतून कण पडला तर ती आपल्या घरची न्हाय. मॅबेलनं तो शब्द जन्मभर पाळला. आता काटा सांगत होता, त्याच भावात जास्तीचा मसाला देऊन तूच घर लुटवतेस.

"मग सैल भरूया," मिशेल म्हणाली.

मॅबेलनं एक सैल भरून हलवली. आत मसाला इकडून तिकडं सरकला. "खुळखुळे विकायला बसले न्हाय मी."

"मग भाव वाढवूया."

"गेल्या साली वाढवला. किती कापू लोकांना?"

तणतणत तिनं ओट्याखालून एक लहान बाटली ओढली, दात-ओठ खात ठासली आणि स्वतःच काट्यावर आपटली. वजन रुक्मिणीच्या मोठ्या बाटलीएवढं आलं.

"मोठ्या, मधल्या, चपट्या, सगळ्या बाहेर काढा. हीच एक भरायची. भाव तोच. तुझं जेसल पार्कही राहू दे."

"चांगलं झालं, मम्मी."

"काय चांगलं झालं? जास्तीचं दिलं तेव्हा कुणी बोललं न्हाय. आता बरोबर देईन तर कंजूस म्हणतील."

आठवड्यानं जेसल पार्कचा कॉन्रॅड आला. त्यानं बाटली हातात तोलली. "आंटी, भाव मोठीचा नि बाटली बाळाची?"

मॅबेलनं बूच काढलं आणि बाटली त्याच्या पांढऱ्या शर्टासमोर उपडी धरली. कॉन्रॅड मागं सरकला. तिनं बुडावर थाप मारली.

"पडलं काय?"

"नाही, आंटी."

"मग घरी जा, नि सुरीनं खरवडून काढ."

तो बाटली घेऊन गेला. फाटकाशी आणखी तिघं उभी होती, आणि तिघांच्याही नजरा टेबलावरच्या लहान बाटल्यांवर खिळल्या होत्या. मॅबेलनं दात आवळले आणि दुसरीचं बूच काढलं.