स्वस्तातली दुर्बीण

पनवेलच्या कोळीवाड्यात दादूइतका चिक्कू माणूस शोधून सापडला नसता. गेलेल्याला नावं ठेवू नयेत, पण दादू जिवंत आहे, म्हणून स्पष्ट बोलायला हरकत नाही. होडीसाठी दुर्बीण घ्यायची ठरली, तेव्हा त्याचा मुलगा कल्पेश दुकानातल्या महागड्या दुर्बिणीवरून हात काढायला तयार नव्हता. हिच्या आत दमट हवा शिरत नाही, काच कधी धुरकटत नाही, असं दुकानदार सांगत होता.

"दोन नल्या नि चार काचा. तेचे एवढे पैसे?" दादू खेकसला. "कोल्याच्या पोराला डोले नाय काय?"

त्याने रस्त्यावरून स्वस्तातली घेतली आणि वर आठवडाभर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

गणपती गेल्यावर मोरा बंदराच्या पुढे कल्पेशची लहान होडी वाऱ्याने उलटली. बरोबरचा खलाशी पोहत आला, कल्पेश आला नाही. दादू पुतण्याला, महादेवला, घेऊन मोठ्या होडीतून शोधायला निघाला. सुकाणू महादेवकडे, दुर्बीण दादूकडे. दिवस कलत होता. काचेच्या आतून वाफ धरली होती, बाहेरून कितीही पुसली तरी जात नव्हती.

"काका, ते पांढरं काय हाय?"

दादूने पाहिलं. पांढरं थर्माकोल, त्यावर काहीतरी काळं हलत होतं. जाळ्याची खूण अशीच असते, तरंगतं थर्माकोल आणि वर काळं निशाण. दुसऱ्याच्या जाळ्यावर होडी घालायची नाही, हे दादूच्या हाडीमाशी मुरलेलं.

"कोनाचं तरी जालं हाय. वलव."

महादेवने होडी वळवली.

दुसऱ्या दिवशी कल्पेश किनाऱ्याला लागला. बर्फाच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण त्याने छातीशी दोरीने बांधलं होतं. अंगातला काळा सदरा काढून मुठीत धरला होता, हलवायला. ती मूठ कोणालाच सोडवता आली नाही. दादू आणि महादेवने एकदाच एकमेकांकडे पाहिलं. दादूच्या बायकोला, गुणाबाईला, दोघांनीही काही सांगितलं नाही.

पुढे महादेवने होडीसाठी तीच महागडी दुर्बीण घेतली. मोऱ्याच्या धक्क्यावर त्याने ती काकाच्या हातात दिली. दादूने डोळ्यांना लावली. लांबवर कोणाच्या तरी जाळ्याचं निशाण होतं. त्याची फाटकी कड दिसत होती, दोरीची गाठसुद्धा दिसत होती. दादूने दुर्बीण महादेवकडे परत दिली. तो धक्क्यावर बसला.

शेजारी गुणाबाई जेवणाचा डबा घेऊन बसली होती. "अवो, पोर हीच मागत व्हता ना? खरं सांगा, जास्ती दिसतं काय हिच्यातून? माजे जिवाला तोच एक घोर लागलाय."

महादेव मान खाली घालून दुर्बिणीचा पट्टा गुंडाळू लागला.

"नाय," दादू म्हणाला. "सारकंच दिसतं."

गुणाबाईने मोठा श्वास सोडला. "मंग बरं. नायतर तुमचं तोंड पाह्यलं नसतं मी."

पोरगा गेल्यापासून ती नवऱ्याशी धड बोललीही नव्हती. आता तिने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात ठेवला, आणि तो खाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.