पाव फेरा

प्लंबरने शॉवरची तबकडी काढून भिंतीतल्या खोबणीत बोट घातलं. बोट ओलं होऊन बाहेर आलं. आतल्या व्हॉल्व्हच्या नटापाशी पाणी झिरपत होतं आणि भिंतीच्या पोटातून थेट खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात उतरत होतं.

खालच्या बाई त्याला जिन्यातच भेटल्या होत्या.

"छत्री धरून स्वयंपाक करू का मी?" त्यांनी विचारलं होतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं. छताला रंग लावून होतो न होतो तोच पुन्हा ओल यायची.

त्याआधी वस्तादांच्या मुलाचा फोन आला होता. मुलगा लांबच्या शहरात राहायचा.

"दादा, या वेळी कायमचं बंद करा. बाबाच खोलतात ते, दुसरं कोण? आता पुन्हा गळलं ना, तर मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. आईला एकटीला नाही झेपत हे."

वस्ताद म्हणजे त्याचे गुरू. अर्ध्या गावाचे नळ त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि प्लंबर तर त्यांच्या शिव्या खातच कामाला लागलेला. आता ते बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसून होते. तो आत आला तेव्हा त्यांनी अगदी अदबीने विचारलं होतं, "आपण कोणाकडे आलात?" बाथरूमचं काम आहे, एवढं कसंबसं सांगून तो आत सटकला होता.

त्याने खोबणीत बॅटरीचा उजेड टाकला. नटाच्या कडांवर पकडीच्या दातांचे ओरखडे होते. तो पुढे वाकला आणि पुन्हा नीट पाहू लागला.

चकचकीत नटाला वस्ताद कधी उघडा पाना लावत नसत. आधी फडकं गुंडाळायचं, मग पाना. हाताखालचा कुणी विसरला की ते सगळ्यांदेखत विचारायचे, "चावलास का रे नटाला?" आता त्यांना माणसं आठवत नव्हती, पण मागे एकदा स्वयंपाकघरातला नळ आवळताना त्यांनी आधी खिशात फडकंच शोधलं होतं. प्लंबरने ते स्वतः पाहिलं होतं.

वस्तादांच्या पत्नी, काकू, चहाचा कप घेऊन दारात आल्या.

"काकू, घरात पक्कड आहे का?"

काकूंनी कप हळूच बेसिनच्या कडेवर ठेवला.

"दिवसभर ते मला बाई म्हणतात," त्या म्हणाल्या. "बाई, पाणी मिळेल का? बाई, तुमचे मिस्टर कामावर गेले का? मी आपली सांगते, गेलेत, येतील संध्याकाळी."

त्या हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही.

"पण गळायला लागलं की उठतात. बाह्या सरसावतात. आणि आत बसून माझ्यावरच ओरडतात, अगं, उजेड धर की नीट, लक्ष कुठंय तुझं? तेवढं ते 'अगं' ऐकायला..."

त्यांनी मनगटाने डोळे पुसले.

"मुलगा त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार म्हणतोय, काकू."

"माहीत आहे मला. दर वेळी नट सैल करताना ठरवते, ही शेवटची."

प्लंबरने जुना नट काढला, नव्या नटाला टेप गुंडाळली आणि घरातल्या पकडीने हलणारच नाही इतका तो आवळला. तबकडी बसवून तिच्या कडाही सिमेंटने भरून टाकल्या. काम संपत आलं तशा काकू कप उचलून जायला निघाल्या.

"थांबा काकू. इकडे या जरा."

तो बादलीच्या वरच्या नळापाशी बसला होता. हा नळ भिंतीबाहेर होता, पाणी जायच्या जाळीच्या बरोब्बर वर. त्याने आपला छोटा पाना त्यांच्या हातात दिला आणि नळाच्या चावीखालच्या दांडीच्या नटावर फडकं धरलं.

"डावीकडे पाव फेरा. त्याहून जास्त नको. पाणी सगळं जाळीत जाईल. खाली टिपूसही जाणार नाही."

सगळा जन्म गळती बंद करण्यात गेलेला माणूस तो. हे शिकवताना त्याला चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. काकूंनी पाना फिरवला. दांडीपाशी पाणी जमलं आणि एक थेंब खाली पडला. मग दुसरा.

बाहेर खुर्ची करकरली.

"अगं! कसला आवाज येतोय?"

काकूंनी प्लंबरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणात बदलून गेला होता.

"गळतंय, अहो! बघता का जरा?"

त्यानंतर खालचं छत वाळलं. मुलगा निश्चिंत झाला. काकूंचा मात्र अधूनमधून फोन यायचा. "यांनी असला आवळलाय, मला हलतच नाही बघ." मग प्लंबर दुसऱ्या कामाला जाता जाता वाट वाकडी करायचा, नट सैल करून द्यायचा आणि गुपचूप निघायचा. गळती करून देणारा प्लंबर म्हणून आपलं नाव होणार, असं तो बायकोला म्हणायचा. पण वस्तादांच्या हातात अजून एवढा जोर आहे, याचा त्याला मनापासून आनंद व्हायचा.

एके दिवशी काकू फोनवर एवढंच म्हणाल्या, "जमलं तर येऊन जा."

तो गेला, तर नळ आधीच गळत होता.

"सैल आहे की, काकू. कधीपासून?"

"कालपासून."

"वस्तादांना ऐकू नाही गेलं?"

"सकाळी याच नळाखाली हात धुतले त्यांनी," काकू म्हणाल्या. "पाणी गळतच होतं. बाहेर आले आणि म्हणाले, बाई, तुमचा टॉवेल ओला आहे."

प्लंबर खाली बसला. त्याने नटाला फडकं गुंडाळलं, वर पाना लावला.

"बंद करू?"

"आजचा दिवस राहू दे," काकू म्हणाल्या.

त्याने पाना बाजूला ठेवला. मग कोपऱ्यातली पत्र्याची बादली ओढली आणि नळाखाली उपडी घातली. थेंब पत्र्यावर पडला. आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला.

दोघं बाथरूमच्या दारात येऊन उभे राहिले. तिथून खुर्चीची पाठ आणि वर वस्तादांचे पांढरे केस दिसत होते. पत्र्यावर आणखी एक थेंब वाजला, मग आणखी एक. खाली रस्त्यावर कुणीतरी बंद पडलेली गाडी चालू करत होतं, आणि वस्ताद मागे न वळता खिडकीतून तिकडेच बघत होते.