वेलीतलं नाव

हुस्नानं बारीक छिन्नीचं टोक चांदीच्या तारेखाली घातलं आणि "तोबा, तोबा" पुटपुटत ती तार उचकटली. 'या हाफिज'मधलं पहिलं अक्षर निघालं. आता थांबायची सोय नव्हती.

भस्माची डबी होती ती, उदगीरच्या मोंढ्यातले आडत व्यापारी गुरुपादप्पा ऊर्फ अप्पा यांची. हुस्नाच्या माहेरच्या, बिदरच्या कुणा जुन्या कारागिरानं काळ्या धातूत चांदी ठोकून घडवलेली. वेल इराणी वळणाची, मधलं कमळ मात्र इथल्या देवळातलं. दोन पाकळ्या निखळल्या होत्या, तेवढ्या बसवायला अप्पांनी ती हुस्नाकडं दिली होती; तीही तेच काम करायची. तीन पिढ्यांचं तेल नि राख धुऊन काढल्यावर वेलीत गुंफलेली अरबी अक्षरं उजळली. 'या हाफिज', रक्षण करणाऱ्या अल्लाहचं नाव, आणि ते वाचून तिलाच घाम फुटला.

मागच्या महिन्यात एका पाटीवरच्या उर्दू ओळीपायी गल्लीत दगड पडले होते. महादेवाच्या डबीवर हे नाव कुणी पाहिलं, तर हुस्नानंच कोरलं म्हणतील. आधीपासूनच होतं, हे कोण ऐकून घेणार? खरवडावं तर वर अल्लाह बघतोय, ठेवावं तर खाली गाव. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तिनं गावाचं भय मोठं मानलं आणि नावाच्या जागी चांदीची पानं ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अप्पा आले. त्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा उतरला.

"ही आमची न्हाई. बदललीस तू."

तुमचीच आहे, असं ती परोपरीनं सांगत राहिली आणि ते मान हलवत राहिले. मग त्यांनीच सांगितलं, त्यांच्या अज्जांनी, म्हणजे आजोबांनी, कारागिराला हट्टानं त्याच्या देवाचं नाव घालायला लावलं होतं. त्यावर अंगठा टेकल्याशिवाय घरात कुणी भस्म लावत नसे. राखेखाली डोळ्यांना न दिसणारं नाव अंगठ्यांना पाठ होतं.

चोर ठरायचं की खरं सांगायचं, एवढंच आता हुस्नाच्या हाती उरलं.

"मीच काढलं, अप्पा. लई भ्याले मी."

"अगं, पण कुणाला?"

हुस्नानं मान वर केली. अप्पा उत्तराची वाट बघत उभे होते. ती आपल्याकडंच बघते आहे आणि तेच तिचं उत्तर आहे, हे ध्यानात यायला त्यांना जरा वेळ लागला.